म्हापशाच्या बाजारातले कोयते: घणाखालचे, साच्यातले आणि पत्र्यातून कापलेले

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लोखंडी सामान मांडलेल्या ओळीत तीन जातींचे कोयते शेजारी शेजारी पडलेले असतात. एक लोहाराने घडवलेला, काळा, पाठीवर हातोड्याचे ठसे तसेच ठेवलेला. दुसरा कारखान्याचा, रंग दिलेला, मुठीजवळ शिक्का असलेला. तिसरा पत्र्यातून कापून ग्राइंडरवर घासून आरशासारखा केलेला, आणि गिऱ्हाइकाचा हात बहुतेक वेळा आधी तिकडेच जातो. शेजारीच कुऱ्हाडी, टिकाव, पहारी. पावसाळ्यापूर्वी कुंपणे साफ करायची असतात आणि चवथीआधी परसात रान माजलेले असते, त्या दोन वेळांना या ओळीत गर्दी जास्त.

निकाल आधीच सांगून टाकतो. माडाच्या कामाला, म्हणजे चुडते (झावळ्या) तोडणे, शहाळे ताशणे, नारळ फोडणे याला लोहाराचा कोयताच घ्यावा, पण तपासून. कुऱ्हाड आणि टिकाव मात्र साच्यात घडवलेलेच घ्यावेत, तिथे लोहाराची भीड नको. चकचकीत कोयत्याबद्दल पुढे थोडक्यात.

सर्वात आधी खिशातून व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचे माप, काढावा. तो नसेल तर नुसत्या चिमटीनेही कळते. लोहाराच्या चांगल्या कोयत्याची पाठ मुठीजवळ ७ मिमी, मध्यावर ५ आणि टोकाच्या बाकाशी साडेतीन ते चार मिमी भरते. ही उतरत जाणारी जाडी घणाखाली ताणल्याशिवाय सहसा येत नाही. मुठीपासून टोकापर्यंत जाडी एकसारखी ४ मिमी लागली तर तो पत्र्यातून कापलेला कोयता, मग त्यावर ‘फोर्ज्ड’ असे कितीही ठळक लिहिलेले असो. जाडी एकसारखी असली की वजन टोकाकडे राहते, आणि तासभर काम केल्यावर ते मनगटाला समजते. घडीव कोयता त्याच वजनाचा असला तरी हातात हलका वाटतो. ७०० ते ८५० ग्रॅमचा कोयता मुठीपुढे चार बोटांच्या अंतरावर तोलला गेला तर वजन योग्य जागी आहे असे समजावे.

लोहाराचा माल बहुतेक ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) जुन्या पाट्यांचा असतो. (गोव्याच्या खाणींतले खनिज वर्षानुवर्षे मुरगाव बंदरातून परदेशी गेले, इथल्या लोहाराच्या ऐरणीवर मात्र भंगारातले पोलाद येते. असो.) पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे असते. वर्कशॉपात ज्याला ईएन ४५ म्हणतात त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के. कोयत्याला हे पोलाद उत्तम, कारण ते धार धरते आणि मार खाऊन तुटत नाही. अडचण पोलादाची नाही, पाट्याच्या आयुष्याची आहे. लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात मधल्या बोल्टाच्या भोकाजवळ आणि पाट्यावर पाटा घासतो त्या जागी केसासारख्या बारीक चिरा पडलेल्या असतात. थंड लोखंडावर त्या दिसत नाहीत. घडवताना मिटल्यासारख्या होतात आणि पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते बुडवून कडक करताना, उघडतात. म्हणून जाणता लोहार भोकाच्या दोन्ही बाजूंचा वीतभर तुकडा टाकून देतो. दुकानदाराला सरळ विचारावे, “मेस्त, पाटा कुठल्या गाडीचा, आणि भोकाकडचा तुकडा घेतला की सोडला?” उत्तर पटकन आले तर माल त्याच्या माहितीतला आहे. ‘एक नंबर माल’ एवढेच ऐकू आले तर पुढच्या परीक्षा जास्त काळजीने कराव्यात.

घडवताना खरे कौशल्य बाकात असते. कोयत्याची धार आतल्या, खोलगट बाजूला. ती बाजू हातोड्याने पातळ करत गेले की तिथले लोखंड लांबते, पाठीकडचे मात्र तेवढेच राहते. परिणाम असा की पाते हळूहळू पाठीच्या दिशेने उलगडते आणि बाक सरळ होऊ लागतो. त्यामुळे लोहार आधी पाट्याला हवा त्यापेक्षा बराच जास्त बाक देतो, जवळजवळ विळ्यासारखा, आणि मग धार पाडत पाडत त्याला कोयत्याच्या आकारावर आणतो. नवशिका आधी कोयत्याचा आकार करतो, मग धार पाडतो, बाक उलगडला की थंड होत आलेले पाते ऐरणीच्या शिंगावर पुन्हा ठोकून वळवतो. तीच जागा पुढे तडकते. बाजारात हे ओळखायची सोय आहे. बाकाच्या आतल्या कडेला, धारेपासून बोटभर वर, आडव्या बारीक सुरकुत्या दिसल्या तर पाते लाली गेल्यावर वळवलेले आहे. ते ठेवून द्यावे.

या पोलादाला घण लावायचा तो नारिंगी-पिवळ्या रंगावर, म्हणजे १०५० ते ११०० अंश सेल्सिअसला, आणि ८५० च्या खाली, गडद लाल रंग दिसू लागला की हात थांबवून पुन्हा भट्टीत. पांढुरके होऊन ठिणग्या उडायला लागल्या की पोलाद जळले. कणांच्या कडा ऑक्सिजनने खाल्ल्या जातात आणि कितीही ठोकले तरी ते दुरुस्त होत नाही. जळलेल्या पात्याची कड खडबडीत, बिस्किटासारखी कुरतडलेली असते. पातळ टोकाकडे हे जास्त आढळते, कारण भात्याच्या तोंडाशी टोकच आधी तापते. टोकाकडची दोन बोटे म्हणूनच बोट फिरवून पाहावीत.

भट्टीत प्रत्येक खेपेला पृष्ठभागावरचे लोखंड पापुद्रा होऊन गळते आणि त्याखालच्या थरातला कार्बनही थोडा निघून जातो. पाच-सात खेपा झालेल्या पात्यावर त्यामुळे अर्धा मिमीपर्यंत मऊ थर असू शकतो. लोहाराचा नवा कोयता पहिल्या आठवड्यात बोथट झाला म्हणून तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. त्यातल्या निम्म्यांना नुसती कानस हवी असते. धार दोन्ही बाजूंनी कानशीने पाव ते अर्धा मिमी मागे नेली की आतले खरे पोलाद लागते आणि तिथून कोयता टिकू लागतो. ग्राइंडर नको. कानसच, आणि शेवटी पाण्याचा दगड.

पाणी देणे हा सगळ्यात नाजूक भाग, आणि बाजारातल्या चांगल्या-वाईट मालातला फरक मुख्यतः इथेच पडतो. पाते सुमारे ८६० अंशांना, म्हणजे चुंबक चिकटायचे थांबते त्याच्या थोडे वर तापवून फक्त धारेकडची दोन-अडीच सेंटीमीटर पट्टी तेलात बुडवायची. हे पोलाद तेलात व्यवस्थित कडक होते. सवयीने पाण्यात बुडवले तर पातळ धारेला अर्धचंद्राच्या आकाराच्या चिरा पडतात, नखाएवढ्या. धार बाहेर काढून घासून उजळ केली की पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते आणि उजळ पट्टीवर रंग धावतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. साधारण २३० अंशांना पिवळा, २८० ला जांभळा, ३०० च्या आसपास निळा. कोयत्याला जांभळा धारेवर पोचला की सगळेच पाते थंड करायचे. पिवळ्यावर थांबवले तर नारळाच्या करवंटीवर धारेचा टवका उडेल. निळा ओलांडून करडा झाला तर धार वळेल. घाईच्या दिवसांत चूक बहुधा अशी होते: एकामागून एक पाती बुडवून ढिगात टाकली जातात, रंग बघायला कोणी थांबत नाही, आणि मग एकाच लोहाराचे दोन कोयते दोन स्वभावांचे निघतात. म्हणून ‘अमक्याचा कोयता चांगला’ एवढ्या ऐकीव शिफारशीवर जाऊ नये. हातातल्या नगाची परीक्षा करावी.

परीक्षा तीन, आणि तिन्ही दुकानासमोर उभ्याने होतात. पाते शेपटीला, म्हणजे मुठीत जाणाऱ्या टोकाला, सैल धरून पाठीवर दुसऱ्या लोखंडाने टिचकी मारावी. आवाज खणखणीत आणि लांब चालला पाहिजे. मध्येच मेला, फुटक्या मडक्यासारखा आला, तर आत चीर आहे. (मूठ बसवलेल्या कोयत्याची ही परीक्षा अर्धीच होते, त्यामुळे शक्य तर मूठ नसलेले पाते घ्यावे.) दुसरी, बारीक कानशीचा कोपरा धारेवर हलकेच ओढावा. कानस काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर धार अति कडक, लोण्यात गेल्यासारखी गेली तर मऊ, आणि दाब दिल्यावरच खाऊ लागली तर बरोबर. तिसरी परीक्षा क्वचित कोणी करतो, पण सगळ्यात जास्त तीच सांगते: पितळेच्या गोल सळईवर धार १५ अंशांच्या कोनात टेकवून दाबत सरकवावी. धार केसभर वाकून परत जागेवर आली तर घ्या. वाकून तशीच राहिली तर मऊ, टवका गेला तर ठिसूळ. दुकानदार कुरकुर करतो. करू द्यावी.

आता कारखान्याचा माल. साच्यातली घडाई म्हणजे वरच्या आणि खालच्या डायमध्ये वस्तूचा अर्धा-अर्धा आकार कोरलेला असतो. ११५० ते १२५० अंशांना तापवलेला तुकडा मध्ये ठेवून वरून घण पडतो. एक टनाचा घण दीड मीटरवरून पडला की एका ठोक्यात जवळपास १५ हजार ज्यूल ऊर्जा मिळते. पाच किलोच्या घणाने माणूस मारतो त्यात दोन-तीनशे ज्यूल असतात. तुकडा थेट शेवटच्या साच्यात टाकत नाहीत. आधी लोखंड लागेल तिथे गोळा करायचे, नको तिथे ताणून पातळ करायचे, मग ओबडधोबड आकाराच्या साच्यात, आणि शेवटी पक्क्या साच्यात. जास्तीचे लोखंड दोन डायमधल्या फटीतून पातळ पापडी होऊन बाहेर येते, तिला फ्लॅश म्हणतात. ती वाया जाणारी वस्तू वाटते, पण तिच्याशिवाय साचा भरत नाही. पापडी पातळ असल्याने लवकर थंड होते, घट्ट होते, आणि लोखंडाची बाहेर पडायची वाट अडवते. मग उरलेल्या लोखंडाला कोपऱ्यांत शिरण्यावाचून गत्यंतर नसते. मालाच्या १० ते २० टक्के भाग फ्लॅशमध्ये जाणे नेहमीचेच. नंतर प्रेसवर ती कातरून टाकतात.

पण हीच पद्धत कोयत्यासारख्या रुंद आणि पातळ वस्तूला गैरसोयीची आहे. डाय गरम करून ठेवलेला असला तरी दोन-तीनशे अंशांपलीकडे सहसा नसतो, आणि तीन-चार मिमीचे पाते त्याला टेकताच थंड होते. शिवाय रुंदी जाडीच्या मानाने जितकी जास्त, तितकी डायच्या पृष्ठभागाशी होणारी घासण लोखंडाला जागेवर धरून ठेवते आणि ठोक्याचा जोर वाया जातो. म्हणून खरोखर साच्यात घडवलेला कोयता मिळाला तर त्याची पाठ आणि गाभा जाड राहतो, धार पुढे ग्राइंडिंगनेच काढावी लागते. असा कोयता मजबूत असतो, पाणी भट्टीत तापमान मोजून दिलेले असते, एका पेटीतले दहाच्या दहा नग सारखे निघतात. जळाऊ लाकूड तोडायला तो चांगला. चुडताच्या देठाला मात्र जाडीमुळे कापत जाण्याऐवजी फाडत जातो, आणि माडावर एका हाताने वापरायचा तर जड. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारे, हा कोयता कमरेला लावत नाहीत, त्यामागे जुन्याची सवय कमी आणि हा हिशेब जास्त.

कुऱ्हाड आणि टिकाव यांची गोष्ट अगदी उलट, कारण तिथे सगळा प्रश्न नेढ्याचा, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाचा आहे. लोहार नेढे दोन रीतींनी करतो. जुनी रीत म्हणजे पट्टी सळईभोवती दुमडून दोन टोके टाकणखार घालून भट्टीत जोडायची. हा जोड १२५० अंशांच्या वर, लोखंड घामेजल्यासारखे चकाकू लागते तेव्हाच बसतो. थोडे कमी तापले किंवा पापुद्रा आत अडकला की जोड वरून दिसतो पक्का आणि आत पोकळ राहतो. तो सुटतो नेढ्याच्या कोपऱ्यात, कारण दांड्याचा सगळा हिसका तिथेच बसतो. दुसरी, आजची रीत म्हणजे आर्क वेल्डिंग, आणि त्यावर काळा रंग. पाट्याच्या पोलादाला पूर्वतापन न देता वेल्डिंग केले की वेल्डलगतची पट्टी काचेसारखी ठिसूळ होते. नेढ्यात बोट घालून फिरवले की वेल्डची उंचवट्याची रेघ लागते. तिथे रंगाचा थर जाड असेल तर संशय धरावा.

साच्यातल्या टिकावात नेढे गरम ठोकळ्याला सुंब्याने (भोक पाडायच्या जाड खिळ्याने) भोक पाडून, मग अंडाकृती सळईने ताणून केलेले असते. लोखंडातल्या ताणलेल्या रेघा भोकाला वळसा घालून जातात, तुटत नाहीत. लाकडाच्या गाठीभोवतून रेषा जातात तशाच. त्यामुळे नेढ्याच्या भिंती पातळ असूनही चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या जमिनीत दणके सोसतात. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत खड्डा खणायचा म्हणजे कुठे ना कुठे चिरा लागतोच. तिथे नेढे फाटलेला टिकाव म्हणजे नुसता खर्च नव्हे, शेजारी उभ्या असलेल्या माणसाला धोका.

साच्यातला माल घेतानाही डोळे उघडे ठेवावेत. बाजूने सगळीकडून जाणारी कातरलेली पट्टी शोधावी, तीन ते सहा मिमी रुंद. ती असेल तर वस्तू घडीव. फक्त बारीक धाग्यासारखी रेघ आणि वाळूसारखा खरखरीत पृष्ठभाग असेल तर ती ओतीव, आणि ओतीव टिकाव फुकटही घेऊ नये. त्या पट्टीच्या वरचा अर्धा भाग खालच्या भागावर नीट बसलेला हवा. एका बाजूला पायरी लागली तर डाय सरकलेले होते. अर्धा मिमी चालेल, दीड मिमी असेल तर नेढेही तिरके असणार आणि दांडा कधीच सरळ बसणार नाही. कोपरे गोल, बुजल्यासारखे दिसले तर साचा पुरता भरलेला नाही: तुकडा लहान होता, थंड होता किंवा ठोके कमी पडले. सर्वात वाईट म्हणजे घडी. लोखंडाचा एक पदर दुसऱ्यावर दुमडून दाबला जातो, जोडला मात्र जात नाही. ती नेढ्याच्या आणि पात्याच्या सांध्यावर, गोलाईच्या तळाशी, नखाने खरडल्यावर अडकणारी रेघ म्हणून सापडते. साच्यातला गोलावा फार अरुंद ठेवला की लोखंड वळण घेऊन जाण्याऐवजी उडी मारून जाते आणि मागे परत दुमडते, त्यातून घडी येते. रंगाखाली ती दिसत नाही. रॉकेलचा बोळा फिरवून पुसावे, मिनिटभराने चिरेतून रॉकेल पुन्हा पाझरून ओली रेघ उमटते.

पहारीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. षट्कोनी किंवा अष्टकोनी सळई कुठूनही घ्या, टोक बोथट झाले की लोहाराकडून पुन्हा काढून घ्या. फक्त टोकाची तीन-चार सेंटीमीटरच कडक करायला सांगा. सगळी पहार कडक केली तर ती उचकटताना मोडते.

चकचकीत कोयता घरात शहाळे ताशायला ठीक. पण त्याच्या धारेजवळ निळ्या-करड्या रंगाचे ढग दिसतात का ते उजेडात तिरपे धरून पाहावे. ग्राइंडरचे चाक एका जागी दोन सेकंद जास्त टेकले की तिथली पातळ धार चारशे अंशांच्या पुढे जाते आणि दिलेले पाणी उतरते. पॉलिशने ढग पुसता येतात, उतरलेले पाणी परत येत नाही. म्हणून ढग नसले तरी कानशीची परीक्षा धारेवर तीन ठिकाणी करावी, एका ठिकाणी नाही. हीच शिक्षा आपणही घरी ग्राइंडर लावून चांगल्या कोयत्याला देऊ शकतो.

मूठ खैराची किंवा शिसवीची, तोंडाशी शेंबी (धातूचे कडे) असलेली घ्यावी. शेपूट मुठीत किमान दोन-तृतीयांश आत गेलेली हवी. ती तापवून जाळत बसवतात आणि राळेने भरतात. राळ पुरती भरलेली नसेल तर पहिल्याच पावसात शेपूट आतून गंजते आणि एक दिवस पाते मुठीतून सुटून जाते. शेंबीजवळ कान लावून पाते हलवावे, खुडखुड आली तर दुसरा नग मागावा. काजूच्या बोंडांचा आणि शहाळ्यांचा रस पात्यावर काळे डाग पाडतो. डाग पडले तर घाबरायचे कारण नाही, तो रस पात्यावर वाळू दिला तर मात्र त्याखाली गंजाचे खड्डे पडतात. धुऊन, पुसून, खोबरेलाचा हात फिरवावा आणि कोयता भिंतीला टांगावा. चुलीच्या वर टांगायची जुनी जागाही बरीच, फक्त आचेच्या जवळ नको.